चुन्याच्या खोलीतले पाढे

आमच्या वाचनालयात पहिल्यांदा येणारा माणूस एका वेळी किती पुस्तकं नेता येतात, हे विचारतो. अप्पांनी मला विचारलं, "बाई, माझा वास येतो का?"

मी चष्म्यावरून पाहिलं. ऐंशीच्या घरातले गृहस्थ. कपाळावर विभूती, धुवून धुवून विरलेला सदरा, बगलेत कापडी पिशवी, आणि माझ्या टेबलापासून मोजून दोन हात लांब उभे. मला कसलाच वास येत नव्हता. येत असलाच तर कपड्याच्या साबणाचा. तसं सांगितलं तर म्हणाले, "खरं सांगा. मला कळत न्हाई, म्हणून इचारतो." खरंच येत नाही म्हटल्यावर त्यांनी सभासदत्वाचा फॉर्म मागितला.

फॉर्म मी त्यांचा भरत होते आणि चौकशी ते माझी करत होते. माहेर कुठलं? साखर पेठ. वडील काय करायचे? सायकलचं दुकान होतं. म्हातारी माणसं असलं विचारतातच, म्हणून मी उत्तरं दिली आणि विसरून गेले. नवरा गेल्यापासून माझी इतकी सविस्तर चौकशी कोणी केली नव्हती, हेही खरं.

सात रस्ता चौकाच्या अलीकडच्या गल्लीत आमचं वाचनालय आहे. खाली चपलांचं दुकान, वर आम्ही. पुस्तकं वाचायला आता फारसं कोणी येत नाही. स्पर्धा परीक्षेची मुलं अभ्यासाला बसतात, आणि निवृत्त माणसं वर्तमानपत्रांवरून एकमेकांशी भांडतात. माझ्या नोकरीला तीस वर्षं होऊन गेली. पानांचे कोपरे दुमडणाऱ्यांवर माझा राग आहे आणि तो मी लपवत नाही. बाकी बऱ्याच गोष्टी लपवते.

अप्पांनी शेवटच्या टेबलाची खिडकीकडची खुर्ची धरली. शेजारची खुर्ची उचलून भिंतीला लावली. रोज सकाळी आले की आधी ती खुर्ची दूर करायची, जाताना परत जागेवर ठेवायची. त्यांच्याजवळ कोणी बसू नये अशी त्यांची इच्छा आहे, असं मला आधी वाटलं. खरी गोष्ट कळायला बरेच महिने गेले. शेजारी कोणी बसलं आणि मग नाक मुरडून उठलं, तर ते त्यांना बघायचं नव्हतं.

ते इतिहास लिहायला येत होते. सोलापुरातल्या एका जुन्या कापडगिरणीच्या ग्यासखान्याचा. मी सोलापुरात जन्मले, वाढले, पण असलं काही गावात होतं हे किती जणांना ठाऊक आहे, देव जाणे. गिरण्या बंद पडल्या, चिमण्या काही राहिल्या काही पाडल्या, आणि लोकांच्या आठवणीत उरला तो फक्त भोंगा. अप्पा म्हणायचे, भोंग्याला काय, तो ओरडायचा म्हणून आठवतो. ग्यास कधी ओरडला न्हाई.

त्यांच्याकडून जे कळलं ते असं. विणलेल्या कापडावर बारीक लव असते. ती जाळून कापड गुळगुळीत करायला ज्योतीवरून झर्रकन न्यायचं. धूर नसलेली, कापड न काळवंडणारी ज्योत हवी, म्हणून गिरणीनं स्वतःचा ग्यास करायचा. दगडी कोळसा बंद नळ्यांत कोंडून बाहेरून तापवायचा. तो जळत नाही, नुसता भाजतो, आणि त्याच्यातून ग्यास सुटतो. वाटेत डांबर गळतं, ते वेगळं. नळ्यांत भाजलेला कोळसा, म्हणजे कोक, उरतो, तो शेगड्यांना. हे मला समजावताना त्यांनी माझ्या चहाच्या किटलीचं तोंड फडक्यानं बंद केलं आणि तोटीतून येणारी वाफ दाखवली. झाकण उडालं, चहा नोंदवहीवर सांडला. अप्पा म्हणाले, "आमच्यात असं झालं असतं तर मी तुमच्याम्होरं बसलो नसतो."

शेवटी तो ग्यास चुन्यातून न्यायचा. मोठ्या लोखंडी पेट्या, त्यांत ओल्या चुन्याचे थर. ग्यासातली घाण चुना ओढून घेतो आणि स्वच्छ ग्यास पाण्यावर तरंगणाऱ्या टाकीत जातो. टाकी भरली की वर येते, रिकामी झाली की खाली बसते. चुना खराब झाला की पेटी उघडून तो काढायचा आणि नवा भरायचा. ते काम अप्पांचं. त्या घाण चुन्याला नासक्या अंड्याचा वास. तो कपड्यात बसतो, केसात बसतो, माणूस आंघोळीनं सोलून निघाला तरी जात नाही.

तरुणपणी अक्कलकोटच्या बाजूला त्यांच्यासाठी मुलगी पाहिली होती. पाहुणे घरी आले. अप्पा दोनदा आंघोळ करून, अंगाला चंदन लावून बसले. मुलीच्या मामानं पाण्याचा तांब्या घेतला, ओठापर्यंत नेला आणि तसाच खाली ठेवला. मग कानडीत बायकोला काहीतरी म्हणाला. आपल्याला कानडी येतं हे बहुतेक त्याच्या ध्यानात नव्हतं, असं अप्पा सांगायचे. मामा काय म्हणाला ते त्यांनी मला कधी सांगितलं नाही. पुन्हा मुलगी पाहायला ते कुठे गेले नाहीत.

ग्यासखाना बंद होऊन जमाना झाला, तरी सवयी तशाच होत्या. आले की चारही खिडक्या उघडायच्या, आधी पूर्वेच्या, मग पश्चिमेच्या. पावसात कागद भिजतात म्हणून मी भांडायची. ते म्हणायचे, कागद वाळतात. कोणी जिन्यात काडी ओढली की इथून हात वर करून "थांबा" म्हणायचे, नाक वर करून तीनदा हुंगायचे, मग "ओढा" अशी परवानगी द्यायचे. परीक्षेची मुलं त्यांची नक्कल करत. नाकाची ही ऐट पाहून मला वाटायचं, एवढं तिखट नाक असलेला माणूस मलाच कशाला विचारतो, वास येतो का म्हणून.

त्याचा उलगडा एका सकाळी झाला. मागच्या खोलीत चहासाठी सिलिंडरवरची छोटी शेगडी आहे. तिची नळी कुठेतरी चिरली होती. मी आत पाऊल टाकलं तोच भपकारा आला. अप्पा शेगडीशेजारी उभे होते, मान उंच करून, डोळे मिटून. एकदा, दोनदा, तीनदा हुंगलं आणि माझ्याकडे वळून म्हणाले, "काय न्हाई. लावा."

मी त्यांना हाताला धरून बाहेर ओढलं, सिलिंडरचं बटण बंद केलं, खिडक्या उघडल्या. काय झालं ते त्यांना एका क्षणात कळलं. ते जिन्याच्या पायरीवर बसले. चुन्याच्या खोलीत चार-पाच वर्षं काढल्यावर नाक मेलं, असं त्यांनी सांगितलं. फुलाचा, भाकरीचा, मातीचा, कसलाच वास येत नाही. हुंगणं तेवढं राहिलं. म्हणजे साठ वर्षं ह्या माणसाला आपल्या अंगाला अजून वास येतो की गेला, हे ठाऊक नव्हतं आणि विचारायला घरात कोणी नव्हतं. मला त्यांची फार दया आली. दया आली की मी चिडते, तशी चिडले आणि त्यांना शेगडीजवळ फिरकायची बंदी केली.

इतिहासाचं काम मात्र पुढे सरकत नव्हतं. चार ओळी लिहायच्या, वाचायच्या, पान फाडून पिशवीत टाकायचं. त्यांच्या पिशवीत आणखी एक वही होती, लाल कापडी पुठ्ठ्याची, जुनी. ती ते टेबलावर ठेवायचे पण मला उघडून दाखवत नसत. आणि मग त्यांनी एक नवाच उद्योग आरंभला, ज्यापायी समितीपर्यंत तक्रार गेली. पन्नास-साठीचा कोणी सभासद दिसला की ते त्याच्यासमोर जाऊन उभे राहत आणि विचारत, "ल्हानपणी डांग्या खोकला झालता का? ग्यासखान्यात आलता का?" तो गोंधळला की म्हणत, "मोठा श्वास घ्या बघू." एका निवृत्त मामलेदारांना त्यांनी अग्रलेख वाचता वाचता श्वास घ्यायला लावला.

समितीनं समज द्यायला मला सांगितलं. मी समज द्यायला गेले आणि त्यांनी वही उघडली.

त्या काळी डांग्या खोकल्याची मुलं आया ग्यासखान्यात आणत. चुन्याच्या पेटीतला वास छातीत गेला की खोकला सुटतो, अशी समजूत होती. कुठून आली कोण जाणे. विणकरांच्या वस्तीतल्या बायका यायच्या, गिरणीतल्या कामगारांच्या यायच्या, कडेवर पोर, पदरानं त्याचं तोंड पुसत. सात दिवस, सकाळी, उपाशीपोटी. साहेब यायच्या आधी अप्पा दार उघडं ठेवून एकेकाला पेटीपासून थोडं दूर फळीवर बसवत. मूल घाबरून तोंड मिटून घेई. मग वास आत जाणार कसा? म्हणून अप्पांनी युक्ती काढली होती. पाढे म्हणायचे. मोठ्यानं, तोंड उघडून. खोकला येईपर्यंत. कुठवर गेलं ते वहीत लिहायचं. नाव, आईची गल्ली, आणि पुढे सात दिवसांचे सात आकडे. पाढे वाढत गेले की औषध लागू पडलं. ज्या मुलाला पाढे येत नसत त्याला अप्पा शिकवत. सातव्या दिवशी न खोकता पाढा पुरा झाला की नावापुढे गोल काढून लिहायचं, 'सुटला' नाहीतर 'सुटली'.

"शंभरावर पोरं हायत ह्यात," ते म्हणाले. असं अभिमानानं बोललेले अप्पा मी तोवर पाहिले नव्हते. मी म्हटलं, मग हे इतिहासात लिहा की. त्यांनी मान हलवली. हे मालकाला न विचारता केलेलं काम, ते कागदावर कसं आणायचं.

आता मी काय लपवलं ते सांगते. त्या वहीत माझं नाव असणार, हे मला त्याच क्षणी कळलं होतं.

मी तेव्हा सहा वर्षांची. आई मला पहाटे उठवून चालवत न्यायची. मला ती फळी आठवते, चुन्यानं पांढरी झालेली भिंत आठवते. अंड्याचा तो वास आजही सांगता येईल. समोर उकिडवा बसलेला एक तरुण माणूस, तोंडाला फडकं बांधलेला, बोटांवर मोजत माझ्याबरोबर पाढे म्हणणारा. मला पाचपर्यंतच येत होते. सहाचा पाढा मला शाळेच्या आधी त्या खोलीनं शिकवला. आणि आठवते आई. माझ्या खोकल्यानं कित्येक दिवस तिचा डोळ्याला डोळा लागला नव्हता. ती दाराबाहेर भिंतीला टेकून बसायची आणि माझे पाढे चालू असेतोवर झोपायची. तिला उठवताना तो माणूस लांबूनच टाळी वाजवायचा. जवळ यायचा नाही.

घरी परतताना आईनं बजावलं होतं, हे कुणाला सांगायचं नाही. मुलीच्या जातीला खोकला होता हे कळलं तर पुढे लग्नाला अडचण. ते इतकं अंगवळणी पडलं की सासरी कधी कळू दिलं नाही. चाळिशीत मला दमा सुरू झाला तोही मी असाच झाकला. पंप ओढायचा तर कपाटांच्या मागे जाऊन, संदर्भग्रंथांच्या रांगेत, जिथे कोणी फिरकत नाही. वही पाहिल्यावर तर मी जास्तच जपू लागले. ह्या माणसासमोर धाप लागून चालणार नाही, असं वाटायचं. त्याला सुटलेली मुलं हवी होती.

आमच्या सभासदांत एक वृद्ध डॉक्टर होते, लहान मुलांचे. सज्जन माणूस. अप्पांनी त्यांनाही गाठलं आणि वही दाखवली, एवढी पोरं बरी केली म्हणून. डॉक्टरांनी सगळी वही शांतपणे चाळली. मग चष्मा काढून अप्पांना त्यांच्या खुर्चीत बसवलं. भिंतीकडची खुर्ची ओढून ते स्वतः अप्पांच्या अगदी शेजारी बसले, हे मला बरं वाटलं. पुढचं बोलणं बरं वाटण्यासारखं नव्हतं. त्यांनी सांगितलं की डांग्या खोकला दीड-दोन महिने छळतो आणि बहुतेक मुलांत आपणच जातो. आया सगळे उपाय करून थकल्या की तुमच्याकडे यायच्या, तोवर महिना-सव्वा महिना उलटून गेलेला असायचा. जी दगावायची ती तुमच्यापर्यंत पोचतच नसतील. तुमच्याकडे आणली नसती तरी ही मुलं सुटलीच असती.

अप्पांनी विचारलं, म्हणजे मी काहीच केलं नाही का. डॉक्टर म्हणाले, "तो वायू विषारी असतो, अप्पा. कोवळ्या छातीत गेला. पुढं कुणाला काय झालं असेल, मी सांगू शकत नाही."

त्या दिवशी अप्पा खुर्ची जागेवर न ठेवताच गेले. चार दिवस आले नाहीत.

पाचव्या दिवशी दुपारी वाचनालय बंद करून मी त्यांच्या खोलीवर गेले. बंद गिरणीच्या मागच्या चाळीत एक खोली, वीतभर ओटा. खिडकी सताड उघडी. भिंतीवर ना फोटो ना कॅलेंडर. ताटात कडक भाकरी आणि शेंगांची चटणी वाढलेली, आणि ते ताटासमोर नुसते बसलेले. मला पाहून उठले, स्टोव्ह पेटवायच्या आधी सवयीनं तीनदा हुंगलं, आणि मग मला विचारलं, "येतोय का काही?" मी नाही म्हटल्यावर काडी ओढली. चहा टाकला.

कप माझ्या हातात देऊन ते दोन हात लांब जाऊन बसले. म्हणाले, त्या कामापायी आपल्याजवळ जन्मात कुणी आलं नाही. ती पोरं आणि त्यांच्या आया तेवढ्या आपण होऊन आल्या. सात सात दिवस आल्या. मला वाटायचं, हा वास कुणाच्या तरी उपयोगी पडला. मग माझ्याकडे सरळ पाहून त्यांनी विचारलं, "बाई, चांगलं झालं न्हाई तर न्हाई. पर वाईट तरी केलं न्हाई न्हवं मी?"

त्यांच्यासमोर एक सुटलेली मुलगी बसली होती. तिनं तोंड उघडायला हवं होतं. माझा पंप पर्समध्ये होता. मला वाटलं, मी होते त्यात असं म्हटलं की ते पुढे विचारणार, श्वास कसा आहे? आणि मग खोटं बोलावं लागेल किंवा खरं. मी म्हटलं, "मला काय माहीत, अप्पा. मी काय डॉक्टर आहे?" आणि चहा संपवून उठले. माझ्या आयुष्यात मी केलेल्या भेकडपणांत ह्याचा नंबर पहिला.

त्यानंतर ते पुन्हा येऊ लागले, पण इतिहास मागे पडला. ते वहीतली मुलं शोधू लागले. आधी जे ऐटीत विचारायचे ते आता घाबरत विचारू लागले. एकाचा ठावठिकाणा जेऊरला लागला. सकाळच्या गाडीनं गेले, संध्याकाळी परतले आणि दुसऱ्या दिवशी दार उघडायच्या आत जिन्यात हजर. तो माणूस साठीचा, धिप्पाड, ऊस आणि केळी करणारा. ग्यासखाना त्याला पुसटसा आठवत होता. श्वास कसा आहे विचारल्यावर तो म्हणाला होता, "दिवसभर रानात असतो, श्वासाकडं बघायला येळ कुणाला हाय?" अप्पांना सोडायला तो स्टेशनवर आला, तेव्हा फलाटावर त्याला उभं करून त्यांनी पाचाचा पाढा म्हणवून घेतला. सगळा फलाट बघत होता. पाढा पुरा झाला, खोकला नाही. दोन दिवस अप्पा हसतमुख होते. मुलांना खिडकी बंद ठेवायचीसुद्धा परवानगी दिली.

मग चिंचोळी एमआयडीसीत एका कारखान्याच्या दारावर बसणारा एक रखवालदार सापडला. त्याला दोनाचा पाढाही एका दमात म्हणता येईना. तो पंधराव्या वर्षापासून बिड्या ओढत होता, हे त्यानं स्वतः सांगितलं. मीही अप्पांना पन्नासदा सांगितलं. ते ऐकून घ्यायचे आणि म्हणायचे, बिडीच्या आधी मी होतो की. वहीत त्यांनी लिहिलं, 'दम लागतो', आणि बराच वेळ त्या दोन शब्दांकडे बघत राहिले. त्या दिवसांत मी कितीदा ठरवलं, आज सांगू. दहा वाजता ते यायचे, खुर्ची दूर करायचे, मी रजिस्टरमध्ये डोकं घालायची.

मला त्यांनी कधीच विचारलं नाही. गावभर लोकांना श्वास घ्यायला लावणारा माणूस रोज समोर बसलेल्या साठीच्या बाईला विचारत नाही, ह्याचं मला नवल वाटायला हवं होतं. मला वाटायचं, माझं झाकणं किती पक्कं आहे.

गेल्या थंडीत ते गेले. एका दुपारी, खोलीत, बसल्या बसल्या. शेजारणीला खिडकी उघडी दिसत होती म्हणून तिला दोन दिवस संशय आला नाही. अंत्यविधीला मी गेले होते. सहा माणसं होती. कोणी लांब उभं नव्हतं, आणि ते बघायला अप्पा नव्हते.

महिन्याभरानं त्यांचा पुतण्या अक्कलकोटहून आला, खोली रिकामी करायला. कापडी पिशवी त्यानं माझ्या टेबलावर ठेवली. "काका म्हणलेते, ही बाईंना द्या. माझ्या काय उपेगाची न्हाई," असं सांगून तो गाडी गाठायला निघून गेला.

पिशवीत इतिहासाची अकरा पानं होती. कोळसा, नळ्या, डांबर, चुना, सगळं क्रमवार, आणि शेवटी, 'टाकी त्या दिवशी खाली बसली ती परत वर आली नाही.' मुलांविषयी एक अक्षर नव्हतं. खाली वही होती.

माझं नाव मला सापडायला वेळ लागला नाही. माहेरचं नाव, 'साखर पेठ, सायकलवाल्याची', आणि पुढे सात आकडे. तीन, तीन, चार, चार, पाच, पाच, सहा. गोल आणि 'सुटली'. त्याच्यापुढे निळ्या पेनानं, थरथरत्या अक्षरात, अलीकडचं लिहिलेलं होतं. 'भेटली. वाचनालयात असते. दम लागतो, कपाटामागं जाऊन औषध ओढते. लपवायचं असंल. विचारायचं नाही.'

मी कोण ते त्यांना फॉर्म भरला त्या पहिल्या दिवसापासून माहीत होतं. मी त्यांना जपत होते असं मी समजत होते आणि ते मला जपत होते. त्या दुपारी, चहाचा कप हातात देऊन, वाईट तरी केलं नाही ना हे त्यांनी वाचनालयाच्या बाईंना विचारलंच नव्हतं. वहीतल्या मुलीला विचारलं होतं. आणि ती म्हणाली होती, मला काय माहीत.

मला माहीत होतं. माझ्या वडिलांना दमा होता. आजोबांना होता. सायकलच्या दुकानात वडील चाकाला पंप मारता मारता खाली बसायचे, हे मी रोज पाहत वाढले. आईनं तेही झाकलं होतं, मुलीच्या लग्नासाठी, आणि मी पुढे तेच केलं. एक वाक्य होतं. अप्पा, हा माझ्या वडिलांचा दमा आहे, तुमचा नाही. एवढं म्हटलं असतं तर तो माणूस समोरची भाकरी तरी जेवला असता.

मी पेन घेतलं आणि त्यांच्या अक्षराखाली लिहिलं, 'दमा वडिलांकडून आलेला. ग्यासखान्याचा संबंध नाही.' जरा थांबून आणखी लिहिलं, 'आई सात दिवस झोपली.'

मग शेवटच्या टेबलाशी गेले. चारही खिडक्या उघडल्या, आधी पूर्वेच्या, मग पश्चिमेच्या. भिंतीकडची खुर्ची आणून त्यांच्या खुर्चीला अगदी चिकटवून ठेवली आणि तिच्यावर बसले. तोंड उघडून, मोठ्यानं सुरुवात केली, बे एके बे. परीक्षेची मुलं वळून बघू लागली. मामलेदारांनी पेपर खाली घेतला. तीनचा झाला, चारचा झाला. पाचाच्या मध्यावर छातीत शिट्टी वाजू लागली. पंप पर्समधून काढून मी सगळ्यांसमोर टेबलावर ठेवला, दोनदा ओढला आणि पुढे म्हणत राहिले. सहा नवे चोपन्न, सहा दाहे साठ.

वहीत आठवा आकडा लिहिला, सहा. त्याच्यापुढे खरं तेच लिहिलं, 'मध्ये पंप घेतला'. गोल मात्र काढला नाही. तो काढायचा मान त्यांचा होता.